मुलाच्या हातात ब्रश द्यावा की पाना?

दहावीचा निकाल लागला की आमच्या दुकानाच्या बाकावर पालकांची वर्दळ सुरू होते. दुकान बोर्डाचे. वडिलांच्या वेळेपासून पेंटर म्हणून कोल्हापुरात चार लोक आम्हाला ओळखतात. त्यामुळे ज्याच्या घरात चित्र काढणारे पोर निघते, तो बाप एकदा तरी आमच्याकडे सल्ल्याला येतो.

यंदाही एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. त्यांचे ग्रिल आणि गेट बनवण्याचे लहानसे वर्कशॉप आहे. बसल्या बसल्या म्हणाले, "चाचा, याला जरा समजवा. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत ए ग्रेड मिळाली तेव्हापासून याच्या डोक्यात आर्ट स्कूल शिरलंय. मी म्हणतो, आयटीआय कर, इलेक्ट्रिशियन हो. चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय? तुम्हीच सांगा." मुलगा मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत उभा होता.

मी लगेच उत्तर दिले नाही. चहा मागवला. या प्रश्नाला मी आयुष्यात दोनदा झटपट उत्तर दिले आहे आणि त्या दोन्ही उत्तरांची किंमत दुसऱ्यांनी मोजली आहे. सल्ला देणाऱ्याचे काही जात नाही, हे मला फार उशिरा कळले. ते दोन्ही प्रसंग आज या पानावर मांडतो. आपल्या वाचकांत कारागीर आणि लहान व्यापारी पुष्कळ आहेत. त्यांच्याही घरात हा प्रश्न कधी ना कधी येणारच.

दोन सल्ले

पहिला प्रसंग १९९८ सालचा. गल्लीतला एक मुलगा माझ्याकडे शाळा सुटल्यावर येऊन बसायचा. अक्षर असे की खडूची दोरी न मारता सरळ ओळ टाकायचा. नववीत त्याचे अभ्यासातून लक्ष उडाले. त्याच्या वडिलांनी विचारले, तेव्हा मी ऐटीत सांगितले, "द्या माझ्याकडे. हातात ब्रश आहे तोवर हा उपाशी राहणार नाही." त्याने शाळा सोडली. सहा-सात वर्षे त्याने उत्तम काम केले. मग फ्लेक्स आले. सुरुवातीला फ्लेक्स महाग होते, म्हणून आम्ही हसलो. पुढे दरवर्षी भाव उतरत गेला. जो कापडी बॅनर रंगवायला आम्हाला एक दिवस लागायचा, तो मशीनमधून काही मिनिटांत बाहेर पडू लागला, वर फोटोसकट. माझे स्वतःचे दुकान होते आणि थोडे भांडवल होते. मी मशीनवाल्याशी जुळवून घेतले. त्या मुलाकडे ना दुकान होते, ना दहावीचा कागद. आज तो दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. रस्त्यात भेटला की अदबीने सलाम करतो. त्या सलामाने मला ओशाळल्यासारखे होते.

दुसरा प्रसंग २००९ सालचा, माझ्या बहिणीच्या मुलाचा. त्याचाही हात चित्राला वळलेला. पण मी दूध पोळलेला माणूस. त्याला काही न विचारता मी बहिणीला सांगितले, "आयटीआयला फिटर घाल, दुसरं काही नको." त्याने मुकाट्याने केले. दोन वर्षांचा ट्रेड, मग अप्रेंटिसशिप, मग शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत नोकरी. पगार नियमित आला, घर सावरले. सल्ला बरोबर ठरला असे सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

चार वर्षांनी तो भेटायला आला तेव्हा सांगू लागला की त्याची बदली पॅटर्न विभागात झाली आहे. फाउंड्रीत धातू ओतण्याआधी वस्तूचा लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. ओतलेले लोखंड थंड होताना आकसते, म्हणून नमुना किंचित मोठा ठेवतात. तो वाळूतून न मोडता निघावा म्हणून त्याच्या बाजूंना हलका उतार देतात. कागदावरचे सपाट ड्रॉइंग पाहून पूर्ण वस्तू डोळ्यांपुढे उभी करणे हे त्यातले खरे कौशल्य. ज्याला चित्र काढता येते त्याला ते लवकर जमते. भाचा म्हणाला, "मामू, तुम्ही त्या वेळी मला एकदा विचारलं असतं, तर मी फिटरऐवजी पॅटर्नमेकरचा ट्रेड घेतला असता. माझी चार वर्षं वाचली असती."

त्याने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नव्हते. पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. पहिल्या मुलाच्या वेळी मी फक्त हात पाहिला आणि घर पाहिले नाही. दुसऱ्याच्या वेळी फक्त घर पाहिले आणि हात पाहिला नाही.

फ्लेक्सने नेमके काय नेले?

आमच्या धंद्यातले जुने लोक अजून म्हणतात, मशीनने कला मारली. मीही पूर्वी म्हणायचो. आता मला तसे वाटत नाही. आम्ही बोर्ड कशावर विकत होतो? स्क्वेअर फुटावर. दोन बाय सहाचा बोर्ड म्हणजे बारा फूट, गुणिले भाव. अक्षर सुंदर असो वा बेढब, फूट तेवढेच. दुकानदाराच्या नावाला शोभेल असे वळण शोधण्यात माझे वडील अर्धा दिवस घालवायचे, त्याचा एक पैसा बिलात नसे. आम्ही पिढ्यानपिढ्या रंग आणि पत्रा विकला आणि अक्षर फुकट दिले. मग त्याहून स्वस्तात फूट विकणारे मशीन आल्यावर गिऱ्हाईक तिकडे गेले, तर त्याचा काय दोष?

मकबूल फिदा हुसेन यांचे उदाहरण पुष्कळ जण देतात. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेला हा माणूस तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होता. त्यांनाही मजुरी स्क्वेअर फुटाच्या हिशेबानेच मिळे. नंतर त्यांनी खेळणी आणि फर्निचरची डिझाइन्स करण्याची नोकरीही केली. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले आणि पुढे जगभर नाव झाले. मुले ही गोष्ट ऐकून म्हणतात, बघा, पेंटरचा हुसेन झाला. मी त्यांना सांगतो, बाळांनो, त्या काळी होर्डिंग रंगवणारे हात शेकड्यांनी होते. बाकीच्यांचे पुढे काय झाले हे कुणी लिहून ठेवलेले नाही. हुसेन यांच्याकडून घ्यायचीच असेल तर एक गोष्ट घ्या. चित्राची वेळ येईपर्यंत त्यांनी चुलीची सोय हाताच्या कामातूनच केली आणि ते काम करायला लाजले नाहीत.

तंत्र तरी कायमचे कुठे असते?

आता दुसरी बाजू. "टेक्निकल शिकला की आयुष्याची काळजी मिटली," असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये नंबर लावावा लागायचा ते दिवस आठवा. पिक्चर ट्यूबचे टीव्ही दुरुस्त करणारे, घड्याळजी, छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारे कंपोझिटर, हे सगळे टेक्निकल लोकच होते. त्यांचीही कामे गेली. कागदावर तंत्र लिहिले म्हणून ते टिकते असे नाही.

कातिबांची हकीकत तर आपल्या घरातलीच. उर्दू वर्तमानपत्र म्हणजे पानेच्या पाने हाताने लिहिणारे कातिब, हे समीकरण पिढ्यानपिढ्या चालले. नस्तालिक लिपीत अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते आणि ओळीत तिरके उतरत जाते. ती यंत्रात बसणे अशक्य असे सगळे धरून चालले होते. कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी शब्दांत येणारे अक्षरांचे हजारो जोड स्वतः लिहून काढले आणि मोनोटाइप कंपनीच्या साहाय्याने १९८१ साली ‘नूरी नस्तालिक’ हे संगणकाचे वळण सिद्ध झाले. मग १९९४ साली दिल्लीहून ‘इनपेज’ आले आणि साध्या संगणकावर उर्दू छपाई होऊ लागली. चेन्नईच्या ‘द मुसलमान’ या १९२७ साली सुरू झालेल्या पत्रासारखी हाताने लिहिली जाणारी वृत्तपत्रे बोटांवर मोजण्याइतकी उरली.

यात विचार करण्याची गोष्ट ही की, कातिबांची रोजी ज्या यंत्राने नेली त्या यंत्राच्या पोटात एका खुशनवीसाचाच हात आहे. आपल्या मराठीतही तसेच घडले. संगणकावर देवनागरी लिहिताना ‘मंगल’ हे वळण वर्षानुवर्षे सर्वांनी वापरले. ते र. कृ. जोशी यांनी घडवले. जोशी मूळचे सुलेखनकार आणि कवी. पण अक्षर यंत्रात कसे बसते हेही ते शिकले. यंत्राला शेवटी कुणाचा तरी हात लागतोच. तो हात कुणाचा असणार, एवढाच प्रश्न उरतो.

आज तोच खेळ तिसऱ्यांदा सुरू झाला आहे. फ्लेक्सच्या वेळी जे ब्रश सोडून कोरलड्रॉ शिकले, ते वाचले. पण २०२२ नंतर नुसत्या शब्दांत सांगितले की चित्र काढून देणारी संगणकी साधने आली. आता डिझाइनरही धास्तावले आहेत. सबब कला घेतली म्हणून बुडाला आणि तंत्र घेतले म्हणून तरला, हा हिशेब सोडून द्यावा.

मग निवडायचे कसे?

माझ्या अल्पमतीप्रमाणे बापाने मुलाला समोर बसवून, वही घेऊन, तीन गोष्टी लिहून काढाव्यात.

पहिली, घर किती वर्षे थांबू शकते. दहावीनंतर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, फिटर किंवा ड्राफ्ट्समन हा ट्रेड दोन वर्षांचा, वेल्डर एक वर्षाचा. त्यानंतर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली उमेदवारी करताना विद्यावेतन मिळते. म्हणजे तिसऱ्या वर्षी मुलगा निदान स्वतःचा खर्च काढतो. पुढे शिकायचे झाल्यास आयटीआयवरून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट आहे. उलट चित्रकलेची पदवी घ्यायची तर दहावीनंतर बारावीची दोन वर्षे, मग सीईटी, मग चार वर्षे. सहा वर्षे झाली. मुंबईचे जे. जे. स्कूल १८५७ पासून उभे आहे, तिथे शिकून मोठी झालेली माणसे कमी नाहीत. पण बाहेरगावच्या मुलाला मुंबईत राहण्याचा, रंगांचा, कागदाचा खर्च सहा वर्षांच्या हिशेबात धरलाच पाहिजे. ज्या घरात दुसरा कमावता भाऊ आहे, दुकानाचे भाडे येते, कर्ज नाही, त्याने हात असलेल्या मुलाला अडवू नये. ज्या घरात एकच कमावता आहे आणि त्याचेही गुडघे दुखू लागले आहेत, तिथे मुलानेही समजून घ्यावे की आधी दोन वर्षांची वाट धरण्यात कमीपणा नाही.

दुसरी, हात कशाला वळतो. "चित्र काढतो" एवढ्याने काही कळत नाही. काय काढतो ते पाहा. कुणी माणसांचे चेहरे काढतो, कुणी नक्षी, कुणी इमारती, कुणी गाड्यांचे सुटे भाग. नक्षीवाला कापड, एम्ब्रॉयडरी, दागिने, जाळीकाम यांत शोभतो. इमारतीवाला सिव्हिल ड्राफ्ट्समन किंवा इंटिरिअरमध्ये. सुटे भाग काढणारा तर पॅटर्न आणि मशीन ड्रॉइंगसाठीच जन्मलेला. काही घरांत सजीवांच्या चित्राबद्दल दीनी अडचण वाटते. त्याबाबत ज्या आलिमांवर भरवसा असेल त्यांना विचारावे, तो माझा अधिकार नाही. एवढे मात्र सांगतो की अक्षर, नक्षी, जाळी, इमारत, यंत्र ही क्षेत्रे इतकी मोठी आहेत की त्यात जन्म पुरणार नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, त्या कामाचे यंत्र कोणते. ज्या कामाला हात वळतो त्या कामाचे आजचे यंत्र त्याच मुलाला शिकवावे. अक्षरवाल्याला फाँट आणि अक्षरे कापणारे मशीन, नक्षीवाल्याला एम्ब्रॉयडरीचे पंचिंग, पॅटर्नवाल्याला कॅड. चित्र काढणाऱ्या मुलाला ज्यात रस नाही अशा ट्रेडला नुसता ‘टेक्निकल’ म्हणून ढकलले, तर तो मधला कारागीर होतो. आणि मंदी आली की मधल्या कारागिराला आधी घरी पाठवतात. इलेक्ट्रिशियनचे काम वाईट नाही. २०२४ साली केंद्राने एक कोटी घरांच्या छतांवर सौर वीज बसवण्याची योजना जाहीर केली, त्यात जाणकार हातांना मागणी राहणारच. ज्याला वायर आणि स्विचमध्ये गंमत वाटते त्याने ते जरूर करावे. ज्याला वाटत नाही, त्याला तिथे बसवून काय साधणार?

आपल्याच भागातले दोन दाखले

हे काही नवीन तत्त्वज्ञान मी सांगत नाही. आमच्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर पाहा. जन्म १८९० चा, आडनाव मेस्त्री, घराणे कारागिरांचे. नाटकांचे पडदे रंगवणारा हा चित्रकार. सिनेमाचे वेड लागले तेव्हा परदेशी कॅमेऱ्यासाठी पैसे नव्हते. मग त्यांनी चुलतभाऊ आनंदराव यांच्यासह ते यंत्र कसे चालते हे समजून घेतले, भावाच्या निधनानंतरही काम सोडले नाही आणि कॅमेरा इथेच घडवला. १९२० साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्याच माणसाच्या हातात ब्रश होता आणि पानाही होता.

दुसरा दाखला मिरजेचा. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी आणि हत्यारे घडवणारी मंडळी. एकोणिसाव्या शतकात संस्थानी लढाया संपल्या, तलवारीचे गिऱ्हाईक गेले. तेव्हा फरीदसाहेब सतारमेकर यांनी तंबोरा बनवण्याचे काम हाती घेतले आणि पुढे मिरजेचे नाव गवयांच्या तोंडी झाले. धातूचा कारागीर भोपळा आणि लाकूड यांच्याकडे वळला, पण हाताची सफाई तीच राहिली. पुढे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग मोबाइलमधला आला. मागणीवर परिणाम झालाच. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. परंतु मानांकनाने नावाला संरक्षण मिळते. गिऱ्हाईक शोधणे, मालाची किंमत ठरवणे, परदेशी पार्सल नीट बांधणे, जीएसटीचे कागद करणे ही कामे घरातल्याच कुणाला तरी शिकावी लागतात. म्हणून ज्या घरात हुन्नर आहे तिथे सगळ्या भावांना एकाच वाटेने पाठवू नये. एकाने तारा जुळवाव्या, एकाने हिशेब आणि बाजार सांभाळावा. हुन्नर अशा घरातच टिकतो.

बहिणीला कुणी विचारले का?

आणखी एक गोष्ट राहते आणि ती आपल्या समाजात हमखास राहते. मुलाच्या चित्रकलेवर घरात चर्चा तरी होते. मुलीची कला मात्र "छंद" म्हणून मिटवली जाते. लग्नसराईत मेंदी काढणाऱ्या मुली किती कमावतात हे त्यांच्या अम्मीला ठाऊक असते, अब्बांना नसते. ड्रेसच्या गळ्याची नक्षी मनाने काढणारी मुलगी एम्ब्रॉयडरीचे पंचिंग शिकली, तर ती घरी बसून दोन-चार मशीनवाल्यांना डिझाइन पुरवू शकते. आयटीआयमध्ये शिवणकामाचे आणि फॅशन डिझाइनचे एक वर्षाचे ट्रेड आहेत. वर सांगितलेल्या तीन गोष्टी तिच्यासाठीही वहीत लिहाव्यात.

२०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय धरले आहेत. त्यात सुतार, लोहार, कुलूप बनवणारे, मूर्तिकार, शिंपी आहेत. हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, नंतर दोन लाख असे कर्ज, अशी तिची रचना आहे. आमचा बोर्ड पेंटर त्या यादीत नाही. तरी ज्यांचा व्यवसाय आहे त्यांनी चौकशी करावी. शिवणकाम करणाऱ्या बहिणींनी तर अवश्य करावी.

किलोवर विकलेले चित्र

आता त्या ग्रिलवाल्या गृहस्थांकडे परत येतो. चहा झाल्यावर मी त्यांना विचारले, "तुमच्या गेटांची डिझाइन्स कोण काढतं?"

ते म्हणाले, "कोण काढणार? हाच काढतो. गिऱ्हाईक आलं की वहीत दोन-तीन काढून दाखवतो, त्यांना आवडतं ते करतो."

"आणि गेट विकता कसं?"

"किलोवर. माल अधिक मजुरी."

मुलाने पहिल्यांदा मान वर केली. मी विचारले, "म्हणजे त्याच्या डिझाइनमुळे गेट ठरतं आणि बिलात मात्र लोखंडाचं वजन येतं. होय ना?" ते काही बोलले नाहीत. मग त्यांनीच सांगितले की आजकाल बंगलेवाले लेसरने कापलेली जाळी मागतात. ती ते बाहेरून कापून आणतात आणि त्याच्या डिझाइनचे वेगळे पैसे निमूट देतात. दुसऱ्याच्या डिझाइनला पैसे द्यायचे आणि घरच्या डिझाइनला शून्य धरायचे, असा हा व्यवहार चालला होता. आम्ही पन्नास वर्षे बोर्डाच्या बाबतीत केले, तेच.

घरची परिस्थिती त्यांनी मोकळेपणाने सांगितली. वर्कशॉपवर कर्ज आहे, मुलाच्या पाठीवर दोन बहिणी आहेत. सहा वर्षे थांबणे या घराला झेपणारे नाही, हे मुलालाही दिसत होते. मी सल्ला दिला नाही, विचारले. "बेटा, ड्राफ्ट्समन मेकॅनिकलचा ट्रेड माहीत आहे का? दिवसभर ड्रॉइंगच. कॅडही शिकवतात. दोन वर्षांनी लेसरवाल्याला लागणारी फाइल तू स्वतः करून देशील. रविवारी चित्रकलेच्या सरांकडे जाणं सोडू नकोस. आर्ट स्कूलचं दार त्यानंतरही बंद होत नाही. तेव्हा पैशाची काही सोय तुझ्या हातात असेल."

मुलगा म्हणाला, "आणि चाचा, मला चित्रंच काढायची असली तर?"

प्रश्न रास्त होता. त्याला खोटा दिलासा देणे मला योग्य वाटले नाही. मी म्हणालो, "तर तुला जास्त वर्षं लागतील. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला सहा लागतात, तुला दहा लागतील. हे अन्यायाचं आहे, पण खरं आहे. त्या दहा वर्षांत हात थांबू द्यायचा नाही, एवढं तुझ्या हातात आहे."

मग वडिलांना मी एकच विनंती केली. वर्कशॉपच्या वहीत आजपासून एक नवा रकाना पाडा, ‘डिझाइन’. दर गेटामागे त्यात काही रक्कम लिहा, शंभर लिहा, दोनशे लिहा, आणि ती गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळी दाखवा. कुणी कुरकुर करील, कुणी देईल. वर्षअखेरीस त्या रकान्याची बेरीज करा. "चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय?" या तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हाला तुमच्याच वहीत मिळेल. ते कमी निघाले तर कमी, पण अंदाजाने बोलणे तरी थांबेल.

अर्ज भरून झाल्यावर बाप-लेक पुन्हा येऊन गेले. ड्राफ्ट्समनचा ट्रेड पहिल्या पसंतीला टाकला आहे, इलेक्ट्रिशियन दुसऱ्या. नंबर कुठे लागतो ते पाहायचे. जाताना वडिलांनी खिशातून वही काढून दाखवली. रकाना पाडलेला होता, त्यात तीन गेटांचे आकडे होते. चौथ्या ओळीत नुसते "दिले नाही" असे लिहिले होते.

मी म्हणालो, "तेही लिहीत जा."